गरम पोळीचा आग्रह आणि घरचे एकत्र जेवण

ओसरी

नमस्कार. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पत्नीचे उजवे मनगट मोडले आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. आमचे घर पुण्यात आहे आणि घरात माणसे पाच: आम्ही दोघे, माझी आई, एक मुलगी आठवीत आणि एक मुलगा तिसरीत. आमच्याकडे रात्रीचे जेवण सगळे मिळून करतात, असे मी तोवर चारचौघांत अभिमानाने सांगत असे आणि ते मला खरेही वाटत असे.

त्या सहा आठवड्यांत भाजी, आमटी आईने सांभाळली आणि पोळ्यांचे काम माझ्याकडे आले. पहिले आठ-दहा दिवस नकाशेच झाले. पण आईने शेजारी उभे राहून कणीक किती सैल मळायची, लाटताना हाताचा दाब कुठे सोडायचा हे शिकवले आणि हळूहळू पोळी फुगू लागली. आमच्या घरची रीत अशी की पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. म्हणून मी ओट्यापाशी उभा, आणि बाकीचे चौघे बाहेरच्या खोलीत टेबलाशी.

एके दिवशी धाकटा शाळेतली काहीतरी हकीकत रंगवून सांगत होता. डोक्यावर धूर ओढणारा पंखा घरघरत होता, तव्यावर पोळी होती, दुसरी पोळपाटावर अर्धी लाटलेली होती. मला बाहेरून फक्त हसणे ऐकू आले. माझी आई, जी हल्ली फारशी हसत नाही, तीही मोठ्याने हसली. मी पोळी घेऊन बाहेर गेलो आणि काय झाले ते विचारले, तेव्हा धाकटा म्हणाला, "बाबा, आता सांगून झाले." शेवटी मी गॅस बंद करून बसलो तोवर मुलगी हात धुवायला उठली होती, आईचा ताकभात संपत आला होता आणि माझ्यासमोर आमटीचे पातेले होते, ज्याच्या तळाशी तेवढी घट्ट डाळ उरली होती.

मी त्या पातेल्यात पळी घातली आणि पहिल्यांदा लक्षात आले की चौदा वर्षे पत्नी अशीच जेवत आली आहे. मी ज्याला एकत्र जेवण म्हणत होतो, ते चौघांचे एकत्र जेवण होते. पाचवे माणूस आम्हाला वाढत होते आणि आमचे बोलणे त्याच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोहोचत होते.

प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही घरात एकच गोष्ट बदलली. पोळ्या जेवणाच्या आधी करून ठेवायच्या, सगळी पातेली टेबलावर मध्यभागी आणायची आणि पाचही जण बसल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. मीठ, लिंबू, चटणी ताटाच्या डाव्या बाजूला वाढण्याचे काम धाकट्याचे, पाणी मुलीचे, आणि ज्याला जे हवे ते शेजारच्याने वाढायचे. पोळी आता तितकी गरम नसते. हे नुकसान खरे आहे आणि मला ते लपवायचे नाही. पण त्या बदल्यात जे मिळाले, ते मोजता येत नसले तरी दिसते. मुलगी तेरा वर्षांची आहे; समोर बसवून "आज शाळेत काय झाले?" असे विचारले तर ती "काही नाही" एवढेच सांगते. तीच मुलगी कोशिंबिरीच्या वाटीकडे हात नेताना, कोणी तिच्याकडे रोखून पाहत नसताना, मैत्रिणीशी झालेला अबोला सांगून जाते. ते ऐकायला तिची आई त्या क्षणी तिथे बसलेली असते. पूर्वी ती नसायची.

तुमच्या घरी सगळे, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यासह सगळे, एका वेळी बसतात का? बसत असाल तर ते कसे जमवले, आणि जमत नसेल तर अडते कुठे, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

माणदेशी

ओसरी, तुमच्या अनुभवातला ओटा मला महत्त्वाचा वाटतो. माझे बालपण माण तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या घरी चूल जमिनीवर होती आणि जेवणारे चुलीसमोरच पाटावर किंवा गोणपाटाच्या घडीवर बसत. आई काटवटीत भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर शेकून तिथूनच हात लांब करून आमच्या ताटात द्यायची. ती आमच्यानंतर जेवायची हे खरे आणि ते चुकीचेच होते. पण बोलण्यात ती पहिल्यापासून असायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, सगळे तिच्या समोर व्हायचे आणि पुष्कळदा शेवटचा शब्द तिचाच असायचा.

पुढे गॅस आला, उभ्याने करायचा ओटा आला आणि गुडघ्यांचे हाल थांबले. परंतु ओटा भिंतीला लागून असतो. त्यापुढे उभ्या असलेल्या बाईची पाठ जेवणाऱ्यांकडे होते, आणि जेवणाचे टेबल दुसऱ्या खोलीत गेले की ती पाठही दिसेनाशी होते. घर बांधताना आपण ओट्याची उंची मोजतो, पण तिथून जेवणारे दिसतात का हे कोणी पाहत नाही. मी नवीन घर बांधताना गवंड्याला सांगून ओटा आणि टेबल यांच्यामधली भिंत काढायला लावली, आणि तो पैसा मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

मोजपट्टी

धाग्याला धरून एक आकडा नोंदवतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले होते. सहा वर्षे आणि त्यापुढील वयाच्या ज्या स्त्रिया घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करतात, त्यांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे त्यात आढळले. जे पुरुष असे काम करतात, त्यांची ९७ मिनिटे जातात. शिवाय असे काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के होते, तर पुरुषांचे २६.१ टक्के. एकत्र जेवणाच्या आठवणी आपण सगळेच प्रेमाने सांगतो, परंतु त्या जेवणासकट सगळ्या घरकामाची जवळजवळ पाच तासांची मेहनत कोणाची, हे बाजूला ठेवून ती चर्चा पुरी होणार नाही. ओसरी यांनी ती उभ्याने अनुभवून लिहिली, म्हणून त्यांचे लिहिणे मला पटले.

तांबडी माती

माझ्या घरी प्रश्न ओट्याचा नव्हता, अंतराचा होता. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते आणि आम्ही, म्हणजे आई, आजी आणि तीन भावंडे, गुहागरजवळच्या गावी. वडील गावच्या इतर पंचवीसएक माणसांबरोबर चाळीतल्या एका गाळ्यात राहत; एकाची पाळी सुटली की त्याने अंथरूण पसरायचे आणि दुसऱ्याने गुंडाळायचे. जेवण खानावळीत. या खानावळी बहुतेक गिरणगावातल्या बायकाच आपल्या राहत्या खोलीत चालवत असत. कोणाकडे दहा डबे, कोणाकडे तीस माणसे, आणि पैसे पगाराच्या दिवशी. याच बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ज्यामुळे त्यांना सावकाराकडे न जाता बँकेचे कर्ज मिळू लागले. माझ्या वडिलांना कित्येक वर्षे ज्या बाईने जेवू घातले, तिचे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाई.

वडील गणपतीला आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस यायचे. त्या दिवसांत घरी रोज सण असल्यासारखे रांधले जायचे, त्यामुळे साध्या दिवशी आमच्या घरी काय शिजते हे वडिलांना माहीत नव्हते आणि वडील साध्या दिवशी कसे जेवतात हे आम्हाला माहीत नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. काही महिने मुंबईत काढून वडील पावसाच्या तोंडावर गावी आले आणि मग तो सबंध पावसाळा घरीच राहिले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. घरात पैसा नव्हता. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, परसातले अळू आणि कधी ओहोळातले मासे, एवढेच होते. पण आम्ही सहाही जण पहिल्यांदाच सलग कित्येक महिने एका पंगतीत बसलो. सुरुवातीला ते अवघडच गेले. वडील पाच मिनिटांत जेवून उठायचे. आईला वाटायचे की त्यांना जेवण आवडत नाही, आणि ती मुकाट रडायची. आजीने एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले की खानावळीत मागची पंगत दारात उभी असते, तिथे रेंगाळले तर दुसऱ्याची पाळी चुकते. सवय अंगात मुरली होती. त्यानंतर आजी रोज त्यांच्या ताटात भात दोनदा, थोडा-थोडा वाढू लागली, म्हणजे ते बसून राहतील. गौरी-गणपती येईपर्यंत वडील आमच्याबरोबर उठू लागले. त्या चार महिन्यांत मला वडील मिळाले असे मी म्हणतो, तेव्हा माझी मुले ते नीट समजू शकत नाहीत. परंतु या धाग्यावरच्या वाचकांना ते कळेल.

तिसरी पाळी

तांबडी माती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे पती भोसरीच्या एका कारखान्यात आहेत आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. मी स्वतः एका रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे माझीही बदलते. रात्रीचे जेवण सगळ्यांनी एकत्र करायचे असे ठरवले असते तर महिन्यातून पाच-सहा दिवसही साधले नसते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी अपराधी वाटून घेतले असते. आम्ही वेळ ठरवणे सोडून दिले आणि दर रविवारी आठवड्याचे पान मांडायला लागलो. त्यावर ज्या वेळी तिघेही घरात जागे असू, त्या चौकटीला मुलगा रंग देतो. कधी ती सकाळची साडेसातची न्याहारी असते, जेव्हा पती रात्रपाळी करून येतात आणि मुलगा शाळेला निघायचा असतो. त्यांचे ते रात्रीचे जेवण आणि मुलाची ती सकाळ. ताटात पोहे असोत की कालची भाजी-पोळी, तिघे बसतो. आठवड्यात अशा सात-आठ चौकटी निघतात. बाकीची जेवणे झाकून ठेवलेल्या ताटांची असतात आणि त्याबद्दल आता कोणी वाईट वाटून घेत नाही.

जाईजुई

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा मोठी असेन, एकसष्ट वर्षांची आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. ओसरी, तुमची तळमळ खरी आहे. पण गरम पोळी वाढण्यात बाईला नुसते कष्टच असतात असे समजू नका. माझे लग्न होऊन एक्केचाळीस वर्षे झाली. तव्यावरून टम्म फुगलेली पोळी उचलून त्यावर तूप सोडायचे आणि ती ताटात पडताच समोरच्याने पहिला घास मोडायचा, हे पाहण्यात मला जो आनंद मिळतो तो खाण्यात मिळत नाही. आमचे हे जेवण कसे झाले ते कधी आपणहून सांगत नाहीत, पण कोणत्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या आणि कोणत्या दिवशी दोन, यावरून मला त्यांच्या दिवसाची खबर लागते. हे सगळे डब्यातल्या गार पोळीने होईल का, अशी मला शंका आहे.

ओसरी

जाईजुई काकू, तुमचे म्हणणे मी वरवरचे मानत नाही. माझी आईसुद्धा हेच म्हणाली आणि पहिले काही आठवडे तिला हा बदल मनातून आवडला नव्हता. वाढण्यातला आनंद मी स्वतः सहा आठवडे घेतला आहे. मुलाने चौथी पोळी मागितली की छाती भरून येते. माझे म्हणणे इतकेच आहे की तो आनंद घेणारी व्यक्ती घरात एकच असू नये आणि त्यासाठी तिने रोज पंगतीबाहेर राहू नये. आमच्याकडे आता टेबलावरच सगळे एकमेकांना वाढतात, त्यामुळे "आजी, अजून थोडे घे ना" हा आग्रह तिसरीतला मुलगा करतो, आणि आई त्याच्या हातून जास्तीचा घास घेते, जो ती माझ्या हातून कधी घेत नव्हती.

सणाच्या दिवशी, पुरणपोळी असली की, आम्ही अजूनही तव्यावरूनच वाढतो. मात्र दोन पोळ्यांमागे तव्याजवळचे माणूस बदलते.

नेकारकाठ

मी सतरा वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. इथे पुष्कळ घरांत संध्याकाळच्या जेवणाला 'आबेन्डब्रोट' म्हणतात, म्हणजे शब्दशः संध्याकाळची पोळी नव्हे, पाव. जुन्या रीतीत गरम जेवण दुपारी होई आणि संध्याकाळी राय किंवा गव्हाचा काळपट पाव, लोणी, चीज, मांसाचे पातळ काप, काकडी, मुळा असे सगळे टेबलावर मांडायचे. प्रत्येकासमोर ताटाऐवजी लाकडाची छोटी पाटी असते आणि आपला आपण काप लावून खायचा. पहिल्यांदा एका शेजाऱ्यांकडे असे जेवलो तेव्हा मी मनातून हिरमुसलो. पाहुण्याला गार पाव देतात हे मला रुचले नाही. आज ओसरी यांचे लेखन वाचताना ते टेबल पुन्हा डोळ्यांसमोर आले आणि कळले की त्या दिवशी एकही माणूस एकदाही उठले नव्हते. यजमानीण बाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या समोर बसून बोलत होत्या.

आमच्या घरी मराठीच जेवण असते, पण आठवड्यातून दोन दिवस आम्ही ही रीत घेतली आहे: आदल्या दिवशीच्या धपाट्यांबरोबर दही, शेंगदाण्याची चटणी, काकडी, टोमॅटो. मुलांची मराठी जी काही टिकली आहे, ती जेवताना बोलून टिकली आहे. "वाढ", "पुरे", "जरा सरक", "साय मला" हे शब्द त्यांना कोणी शिकवले नाहीत.

मांडवीतीर

गोव्यात आमच्या घरी एकत्र जेवण दुपारचे. वडिलांचे पणजीत छोटे दुकान होते आणि गोव्यात पुष्कळ दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होऊन साडेतीन-चारला पुन्हा उघडतात. बाहेरच्यांना तो आळस वाटतो. आम्हाला तो जेवणाचा वेळ होता. भात शिजलेला, हुमण, म्हणजे माशांची आमटी, तयार, मासळी तेवढी शेवटी तळायची. भाताच्या घरात हा गरम पोळीचा पेच मुळात नसतो, कारण भात एकदा वाढून आणला की सगळ्यांना बसता येते. तळायची मासळी मात्र आईला उठवायची, हे आज जाणवते.

पहाटवारा

ओसरी, एक व्यवहारातला प्रश्न विचारते. करून ठेवलेल्या पोळ्या आमच्याकडे अर्ध्या तासात वातड होतात आणि खालच्या दोन तर घाम येऊन ओल्या होतात. तुम्ही नेमके काय करता? शिवाय भाकरी असेल त्या दिवशी काय?

ओसरी

आईने शिकवले ते सांगतो. फुलके ठेवायचे असतील तर ते वातड होणारच, म्हणून आम्ही घडीची पोळी करतो. पदरांमध्ये तेलाचे बोट फिरवलेले असते, त्यामुळे ती तासभर मऊ राहते. कणीक जरा सैल मळून निदान वीस मिनिटे झाकून ठेवायची. तव्यावरून उतरलेली पोळी थेट डब्यात टाकायची नाही. ती आधी जाळीवर मिनिटभर ठेवली की वाफ निघून जाते, आणि मग सुती कापड अंथरलेल्या डब्यात रचायची. ओल्या होण्याचे कारण ती कोंडलेली वाफच असते.

ज्वारीच्या भाकरीसाठी पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले तर भाकरी बरीच मऊ राहते. तरीही ती गरमच चांगली, हे कबूल करावे लागते. म्हणून भाकरीच्या दिवशी टेबलाऐवजी आम्ही स्वयंपाकघरातच जमिनीवर बसतो. माणदेशी यांनी लिहिलेली त्यांच्या आईची चूल वाचल्यावर ही कल्पना सुचली आणि मागच्या गुरुवारी करून पाहिली. पत्नीने शेगडी खाली घेतली, मी भाकऱ्या थापल्या, आणि तिने त्या शेकता शेकता माझ्याआधी जेवायला सुरुवात केली. ज्या दिवशी यातले काहीच करण्याची ताकद नसते, त्या दिवशी वरणफळे किंवा मुगाची खिचडी. एक पातेले मध्ये आणि पाच ताटे भोवती.

जाईजुई

ओसरी, तुमच्याशी वाद घातल्यानंतर आठवडाभर मनात हाच विषय होता. काल रविवारी सुनेला म्हटले की आज पोळ्या आधी करून ठेवू आणि मी पहिल्यापासून बसते. ताटे मांडली आणि मी उभीच राहिले, कारण आमच्या टेबलाशी माझी ठरलेली जागाच नव्हती. इतकी वर्षे ज्याचे जेवण आधी आटपेल त्याच्या खुर्चीत मी बसत आले. शेवटी नातीने बाजूला सरकून मला जागा करून दिली आणि मी यांच्या अगदी समोर आले.

पोळी गारच होती आणि मला ती तशी आवडली नाही, हे स्पष्ट लिहिते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमटीतले कढीपत्त्याचे पान सगळे जण बाजूला काढून ठेवतात, आणि यांच्या ताटात ते कधीच उरलेले नसते, म्हणून मला वाटायचे की यांच्या वाटीत ते जातच नसावे. काल समोर बसल्यावर दिसले की हे ते पान चावून खातात. मी विचारले, तर म्हणाले, लहानपणापासून खातो, आईने सांगितले होते की डोळ्यांना चांगले असते. सासूबाईंना जाऊन तेवीस वर्षे झाली. मग जेवण संपेपर्यंत हे त्यांच्याविषयीच बोलत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो.